जहाजावरची उसनी बारी

आमगावात सरांना ओळखणारी माणसे दोन गटांत मोडतात. सर जहाजावर गेले होते, असे एक गट सांगतो. सर तेव्हा जहाजावर गेलेच नव्हते, असे दुसरा सांगतो. दोन्ही गटांकडे पुरावा आहे. पहिल्या गटाचा पुरावा म्हणजे नागपूरच्या एका दैनिकाच्या जिल्हा पानावरची दोन स्तंभी बातमी. ती मी लिहिली होती. दुसऱ्या गटाचा पुरावाही बराचसा माझ्याकडूनच गेला. म्हणून काय घडले ते एकदा मांडून पाहावे, असे बरेच दिवस मनात होते. मांडल्यावर सगळे कळेल अशी खात्री देता येत नाही.

गोंदिया जिल्हा नवा झाला त्या वर्षी दैनिकाने मला तिकडे पाठवले. आमगावात सरांच्या घराची रस्त्याकडची खोली भाड्याने मिळाली. सर तिथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. बुटके, जाड काचांचा चष्मा, मे महिन्यातही मनगटापर्यंत बटणे लावलेला शर्ट. खांद्याच्या पिशवीत कायम एक दोर असे. त्याला दर मीटरवर गाठ मारलेली. मला त्यांनी पहिल्या दिवसापासून 'पत्रकार' अशीच हाक मारली. नावाने हाक मारलेली आठवत नाही. नाव त्यांना माहीत होते की नाही, तेही सांगता येणार नाही.

न्हाणीघराच्या दारावर त्यांनी एक तक्ता लावला होता. 'थांबा क्रमांक १' असे वर लिहिलेले. सहा ते सहा वीस, पत्रकार. सहा वीस ते सहा चाळीस, सर. सरांच्या पत्नीच्या, म्हणजे काकूंच्या, नावापुढे 'सोयीनुसार' असे होते, कारण काकू तक्ता मानत नव्हत्या. एकदा मी सहा पंचवीसला टॉवेल घेऊन पोहोचलो. सर आतून म्हणाले, "तुमचा थांबा निघून गेला, पत्रकार. आता पुढच्या सफरीत."

हे शब्द जहाजाचे होते. ते जहाज समुद्राचा अभ्यास करण्यासाठी बांधलेले होते आणि कोणा एका संस्थेचे नव्हते. देशातली विद्यापीठे आणि संशोधन संस्था ते वाटून वापरत. दर वर्षी एक समिती बसे आणि कोणाला किती दिवस, कोणत्या सफरीत कोणाची किती माणसे, हे ठरवी. जहाज समुद्रात ठरलेल्या जागी थांबले की त्या थांब्याचे तासही वाटलेले असत. आधी एकाच्या पाण्याच्या बाटल्या खाली जायच्या, मग दुसऱ्याचे जाळे, मग तिसऱ्याचे तळाचा गाळ उचलणारे यंत्र. सरांना समितीची परिपत्रके तोंडपाठ होती. जहाज त्यांनी पाहिले नव्हते.

समुद्रही पाहिला नव्हता. एका प्रशिक्षणासाठी ते तीन आठवडे मुंबईत राहून आले होते. समुद्र तिथून चालत दहा मिनिटांवर होता. ते गेले नाहीत.

"काऊन नाही गेलात?" मी विचारले. तोवर माझ्याही तोंडी तिकडचे शब्द येऊ लागले होते.

"काठावरून पाहिलेलं पाणी मोजण्यात धरत नाहीत," ते म्हणाले.

त्यांचा प्रश्न साधा होता. पाण्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारे, तरंगणारे जीव असतात. ते दिवसा खोल जातात आणि संध्याकाळी वर येतात. तलावात हे सरांनी पाहिले होते. समुद्रात हेच जीव शेकडो मीटर खाली जातात, असे पुस्तकात लिहिलेले होते. एवढे खाली कशासाठी, याची पुस्तकातली उत्तरे त्यांना पटत नव्हती. त्यासाठी त्यांना जहाजावर जागा हवी होती. मी खोली घेतली त्याआधी काही वर्षांपासून ते समितीकडे अर्ज करत होते.

सुट्टीच्या दिवशी ते आपल्या गावी जात. गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात. तलावाच्या पाळीवरून, म्हणजे काठच्या मातीच्या बंधाऱ्यावरून, प्रतापगडचा डोंगर दिसतो. मीही दोनतीनदा गेलो. धिवरांच्या, म्हणजे तलावात मासे धरणाऱ्यांच्या, एका डोंग्यात बसून सर तलावाच्या मध्यावर जात आणि दोराला बाटली बांधून खाली सोडत. डोंगा चालवणारा धिवर त्यांच्याच वयाचा, शाळेत बरोबर शिकलेला.

"सर, एवढा दोर कायले जी? आपला तलाव तं बारा फुटात सरते."

"दोर तलावासाठी नाही. हातासाठी आहे. हाताला सवय पाहिजे."

"हाताले सवय होईन, पन पोटाले? जहाज हालते म्हनते."

"आमगावच्या रस्त्यावर दर सुट्टीला एसटीत बसतो मी," सर म्हणाले.

सरांचे वडील या तलावाचे पाणकर होते. पाणकर म्हणजे तलावाचे तोंड उघडणारा आणि कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाणी आधी, कोणाच्या नंतर, हे बघणारा माणूस. गावातली शेती मालव्याकडून पिढ्यांपूर्वी आलेल्या शेतकऱ्यांची. सरांचे घर बौद्ध आणि भूमिहीन. "आमच्या वाट्याला पाणी नव्हतं," सर एकदा म्हणाले. "वाटायचं काम होतं." हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितले की अभिमानाने, ते मला तेव्हा कळले नाही. आजही कळलेले नाही.

त्या गावची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. ती मी डोळ्यांनी पाहिली. धान निसवायला, म्हणजे लोंब्या बाहेर टाकायला, आले होते आणि पाण्याची बारी पटलांची, म्हणजे गावच्या पाटलांची, होती. त्यांच्या बांध्या तलावाला लागून. सर्वांत शेवटच्या बांधीचा शेतकरी येऊन पाळीवर उभा राहिला. पाणी मागितले नाही.

पटलांनी विचारले, "का गा, तुया धान थांबते का?"

"नाई थांबत जी."

"आपला थांबते. ने मंग."

एवढेच झाले. नव्या पाणकराने ते ऐकले आणि पाणी वळवले. पटलांनी आपली बारी उसनी दिली होती. पुढच्या फेरीत शेवटच्या बांधीची बारी आली की ती न मागता पटलांकडे परत यायची. लिहून कोणी ठेवत नव्हते. पाणकराच्या ध्यानात राहिले म्हणजे झाले.

परतताना मी सरांना विचारले, त्याने परत केली नाही तर?

"असं विचारत नाहीत," सर म्हणाले. "विचारायचं ते एवढंच, थांबतं का. दुसरं काही नाही."

पटलांना सरांच्या अर्जांची माहिती होती. गावात सर दिसले की ते हटकायचे. "का जी सर, त्या जहाजाचा पाणकर कोन आहे? आपल्या वळखीचा आहे का?"

"समिती आहे."

"समिती म्हंजे कोनीच नाई," पटील म्हणायचे.

मी आमगावात गेल्यावर पाच वर्षांनी सरांना जागा मिळाली. एका संस्थेने त्यांना आपल्या प्रस्तावात सामील करून घेतले होते. सव्वीस दिवसांची सफर, विशाखापट्टणमहून सुरू, तिथेच संपणार. सरांनी समितीचे पत्र मला वाचायला दिले आणि मी वाचत असताना चष्मा पुसत उभे राहिले. चष्मा त्यांनी तीनदा पुसला.

स्टेशनवर प्राचार्य, विद्यार्थी, गावाकडचा धिवर, सगळे आले. सरांच्या गळ्यात इतके हार पडले की डब्यात चढताना त्यांना पायरी दिसेना. बातमी मी त्याच दिवशी लिहिली. जागा नसल्याने ती चार दिवसांनी छापायची ठरली, म्हणून मी शेवटी एक वाक्य जोडले: 'सध्या ते बंगालच्या उपसागरात संशोधन करीत आहेत.' हे वाक्य मी सफरीचे वेळापत्रक पाहून लिहिले होते. वार्ताहराने करू नये ते हेच.

अठ्ठावीस दिवसांनी सर परत आले. चेहरा रापलेला. कॉलेजात त्यांचे व्याख्यान झाले. ते एक तास दहा मिनिटे बोलले. जहाजावर तासांची वाटणी कशी होते, बाटली वर यायला किती वेळ लागतो, पहाटे चार ते आठचा पहारा कोणाला देतात, खलाशी चहात साखर किती घालतात, सगळे त्यांनी सांगितले. नंतर वही चाळताना एक गोष्ट ध्यानात आली. तास दहा मिनिटांत 'मी' हा शब्द एकदाही आला नव्हता. शेवटी एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, समुद्र कसा असते?"

"मोठा असतो," सर म्हणाले. "पुढचा प्रश्न."

चार महिन्यांनी एक पार्सल आले. सर कॉलेजात होते. काकूंनी ते उघडले आणि आतली चिठ्ठी माझ्या हातात दिली, कारण त्यांचा चष्मा दुरुस्तीला गेला होता. पेटीत बोटाएवढ्या सहा बाटल्या होत्या, औषधात ठेवलेल्या जीवांच्या. चिठ्ठी मराठीत होती. एका विद्यापीठात संशोधन करणाऱ्या रत्नागिरीकडच्या मुलीची. तिने लिहिले होते: 'सर, तुमच्या जागेवर जाऊन मी जे नमुने आणले त्यातले सहा तुमच्यासाठी पाठवते आहे. तुम्ही जागा दिली नसती तर माझी आधीची दोन वर्षं वाया गेली असती.'

मी ते दोनदा वाचले. काकूंनी तिसऱ्यांदा वाचायला सांगितले.

"म्हंजे आमचे सर कुठी होते मंग?"

मला माहीत नव्हते. मी बंगालच्या उपसागरात लिहिले होते.

सर संध्याकाळी आले. काकूंनी चहा दिला, समोर पेटी ठेवली आणि विचारले, "सव्वीस दिवस कुठी होते तुमी?"

"विशाखापट्टणमला."

"जहाजावर?"

"अर्धा तास."

मग त्यांनी सांगितले. वर्गात सांगत तसे, क्रमाने. ते धक्क्यावर पोहोचले. जहाजावर चढले, खोलीत खालच्या बाकावर ट्रंक ठेवली, बाहेर आले. कठड्याशी ही मुलगी मुख्य शास्त्रज्ञाला विनवत होती. तिचे नाव प्रतीक्षा यादीत पहिले होते. एकही जागा सुटली नव्हती. तिसऱ्या हंगामाचे नमुने मिळाले नाहीत तर आधीचे दोन हंगाम कशालाच लागणार नव्हते. सरांनी तिला बाजूला घेऊन विचारले, तुमचं पीक थांबतं का. ती म्हणाली, नाही थांबत. सरांनी आत जाऊन ट्रंक बाहेर काढली आणि मुख्य शास्त्रज्ञाला कागद लिहून दिला: माझी बारी यांना उसनी देत आहे.

"मंग घरी काऊन नाई आले?"

"बारी संपेपर्यंत देणाऱ्याने पाळीवर राहायचं असतं."

ते धर्मशाळेत राहिले. रोज बंदरावर जाऊन बसले. सुट्टीवरच्या खलाशांना चहा पाजून जहाजाची माहिती विचारत राहिले. व्याख्यान त्यातून आले होते. जहाज परत आले तेव्हा ते धक्क्यावर हजर होते. मुख्य शास्त्रज्ञाला म्हणाले, आता माझी बारी. तो म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. सरांच्या रीतीत हे बरोबर बसत होते. पुढची फेरी म्हणजे पुढचे वर्ष. ते समाधानाने गाडीत बसले.

"मले काऊन नाई सांगतलं?" काकूंनी विचारले.

"तू विचारलं नाही. पत्रकारांनी छापून टाकलं होतं."

"मग माझी बातमी चुकली," मी म्हणालो.

"चुकली नाही," सर म्हणाले. "लवकर झाली."

काकू आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. रोज सहाला न्हाणीघरात जाऊन बसत आणि पावणेसातला बाहेर येत. माझा आणि सरांचा, दोघांचाही थांबा गेला. त्यांचा राग जहाजावर नव्हता. नवरा सव्वीस दिवस एका अनोळखी गावात, धर्मशाळेच्या फरशीवर झोपून होता आणि त्या इकडे शेजारणींना समुद्राची खुशाली सांगत होत्या. "मी का म्हनत होती माहीत आहे?" त्या मला म्हणाल्या. "आज जहाज हालत असंन, आज पोटात दुखत असंन. आनि हे तं बाकड्यावर बसून चहा पीत होते."

दैनिकात दुरुस्ती छापायला हवी होती. मी तीन मसुदे केले. 'प्राध्यापक जहाजावर गेले नव्हते' हे खोटे होते. अर्धा तास ते गेले होते. 'त्यांनी जागा सोडली' हे सरांना मान्य नव्हते. 'त्यांनी जागा उसनी दिली' हे मी नागपूरला फोनवर सांगितले तेव्हा उपसंपादकाने विचारले, म्हणजे काय? एका ओळीत सांगा. मला सांगता आले नाही. दुरुस्ती छापली गेली नाही.

पुढच्या वर्षीच्या यादीत सरांचे नाव नव्हते. त्यांनी समितीला पत्र लिहिले. विषय: उसनी दिलेली बारी परत मिळणेबाबत. नंतर कळले की धक्क्यावर दिलेल्या त्यांच्या कागदावर समितीच्या कार्यालयात कोणीतरी 'माघार' असा शेरा मारून तो फाइलीला लावला होता. समितीचे उत्तर आले: विहित नमुन्यात नव्याने अर्ज करावा.

तो सर करेनात. मी समजावले की अर्ज केला तर जागा मिळू शकते, आता तर त्यांचे नाव समितीला माहीत आहे.

"आपल्याच बारीसाठी अर्ज कायले करायचा?" ते म्हणाले. 'कायले' हा गावाकडचा शब्द त्यांच्या तोंडून क्वचित येई. "अर्ज केला म्हणजे जुनी गेली असं मी कबूल केलं."

दर वर्षी ते एक पत्र पाठवत. दर वर्षी तेच उत्तर येई. एका वर्षी मात्र वेगळे आले: 'आपले पत्र समितीपुढे ठेवण्यात आले. समितीला आपली मागणी समजू शकली नाही. कृपया खुलासा करावा.' सर आनंदले. त्यांनी सहा पानी खुलासा पाठवला, तलावाच्या नकाशासह. समितीने नकाशाची पोच दिली.

या काळात मी गोंदियाला राहायला गेलो. सरांचे निवृत्तीचे वर्ष जवळ आले. जहाजावर जागा फक्त नोकरीत असलेल्यांना आणि विद्यार्थ्यांना मिळे. निवृत्तीनंतर दार बंद होणार होते. कॉलेजातले सहकारी त्यांना 'कॅप्टन' म्हणू लागले होते. सर ओ देत.

एका सकाळी काकू बसने गोंदियाला आल्या. त्या एकट्या कुठे जात नसत. त्या म्हणाल्या, "तुमी त्या पोरीले लिहा ना जी."

मी सरांना हे आधीच सुचवले होते. त्यांनी साफ नकार दिला होता. ज्याने उसनी नेली त्याच्याकडे मागायचे नसते. मागून मिळाली तर ती परत आलेली बारी नव्हे. म्हणून ते समितीला लिहीत, पाणकर समजून, आणि त्या मुलीला दिवाळीला फक्त शुभेच्छा पाठवत.

"सरांना आवडणार नाही," मी म्हणालो.

"नाई आवडलं तं नाई. ते झुरून राहिले. दोर पाहिला का तुमी त्यायचा? रोज काढते, गाठी मोजते, ठेवून देते."

मी लिहिले. वार्ताहर लिहितो तसे, पाच प्रश्न, क्रमांक घालून. मुलगी आता एका संस्थेत शास्त्रज्ञ झाली होती. उत्तर यायला वेळ लागला. तोवर सर निवृत्त झाले. तिसरा प्रश्न होता, ती जागा उसनी दिलेली आहे हे आपल्याला माहीत होते का? तिने लिहिले: 'नाही. त्यांनी मला विचारलं, तुमचं पीक थांबतं का. मला प्रश्न कळला नाही. माझं कसलं पीक? पण ते इतक्या गंभीरपणे विचारत होते की मी नाही म्हटलं. मला वाटलं त्यांची तब्येत बरी नसावी, त्यांना जायचं नसावं. मी त्यांचे आभार मानले आणि इतकी वर्षं मानत आले. ते वाट बघत आहेत हे मला कोणी सांगितलं नाही.'

उत्तराखाली वेगळ्या पेनाने लिहिले होते की पुढच्या सफरीची मुख्य शास्त्रज्ञ ती स्वतः आहे. एक जागा ती निमंत्रित म्हणून भरू शकते. तिने सरांना वेगळे पत्र घातले आहे.

मी आमगावला गेलो तेव्हा ते पत्र सरांच्या मांडीवर होते. काकू दाराशी उभ्या.

"तिला कोणी सांगितलं?" सरांनी विचारले.

"मी."

त्यांनी पत्र पुन्हा एकदा वाचले. मग म्हणाले, "म्हणजे ही परत आली नाही. मागून घेतली." त्यांनी पत्राची घडी केली. "नाही जाता येणार."

सगळे तिथेच संपले असते. चूक माझी होती आणि यावेळी ती छापलेलीही नव्हती. काकू पुढे आल्या.

"तुमी मांगली का?"

"नाही."

"मी मांगली का?"

"नाही."

"यायनं मांगली. हे कोन? आपल्या तलावातले आहेत का? यायची एक बांधी तरी आहे का तिथी? ज्याची बांधी नाई त्याचं मांगनं कोन धरते?"

सरांनी माझ्याकडे पाहिले. प्राण्याचा नमुना ओळखताना पाहत तसे. मग म्हणाले, "हे बरोबर आहे."

यावेळी मी स्वतः बंदरावर गेलो. काकूही आल्या. सर जहाजावर चढले, कठड्याशी उभे राहिले. जहाज सुटले. सुटल्याची वेळ मी वहीत लिहिली. बंदराचे तोंड ओलांडल्याची वेळही लिहिली. काकू पदर डोक्यावर घेऊन उन्हात उभ्या होत्या. "हालून राहिलं," त्या म्हणाल्या आणि जहाज दिसेनासे होईपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

तिथूनच मी नागपूरला बातमी सांगितली. डेस्कवरच्या नव्या मुलाने जुने अंक तपासून पाच मिनिटांत परत फोन केला. ही बातमी आपण पूर्वीच छापली आहे, तो म्हणाला. मी म्हणालो, ती लवकर छापली होती. त्याने ऐकून घेतले. छापली नाही.

सरांना दुसऱ्या दिवसापासून जहाज लागले. एकवीस दिवसांपैकी सतरा दिवस त्यांच्या पोटात काही टिकले नाही. मुख्य शास्त्रज्ञ बाईंनी नंतर सांगितले की ते पहाटे चार ते आठचा पहारा पालथ्या बादलीवर बसून करत. डॉक्टरने झोपायला सांगितले तर म्हणत, हे तास दुसऱ्याला गेले नाहीत ना, मग मलाच बसायचंय. त्यांचे जाळे नऊ वेळा खाली गेले. परत आल्यावर ते अर्धे झाले होते. मी विचारले, ते जीव एवढे खाली का जातात ते कळले का?

"जातात, हे पाहिलं," सर म्हणाले. "कायले जातात, ते नाही कळलं." आणि महिन्याभरात पहिल्यांदा पोटभर जेवायला बसले.

जहाजावरून उतरताना प्रत्येकाला नोंदवहीत सही करावी लागते. नाव, तारीख, संस्था. सर निवृत्त होते, त्यांना संस्था नव्हती. बाई म्हणाल्या, काहीही लिहा, रकाना रिकामा चालत नाही. सरांनी आपल्या गावाचे नाव लिहिले. समितीच्या कार्यालयाने नोंदवहीवरून सहभागी संस्थांची यादी अद्ययावत केली. एका मोठ्या विद्यापीठाखाली आणि एका राष्ट्रीय संस्थेच्या वर, वर्णक्रमाने, नव्वद घरांचे ते गाव छापले गेले.

पुढच्या वर्षी ग्रामपंचायतीत समितीचे परिपत्रक आले: आपल्या संस्थेस येत्या वर्षी जहाजाचे किती दिवस हवे आहेत, ते कळवावे. ग्रामसेवकाने ते तीनदा वाचले आणि तलावाच्या सभेपुढे ठेवले. पाण्याचा विषय दुसरीकडे कुठे ठेवायचा, हे त्याला सुचले नाही. सभा पाळीवर होती. मी कळल्यावर मुद्दाम गेलो. सर मागच्या बाजूला धिवराशेजारी बसले होते.

सरपंचबाईंनी पत्र वाचून दाखवले. कोणी हसले नाही.

"म्हंजे जहाज आपलाबी आहे?" शेवटच्या बांधीच्या शेतकऱ्याने विचारले.

"यादीत नाव आहे आपला," सरपंचबाई म्हणाल्या. "किती दिवस पायजे, विचारून राहिले."

सगळ्यांनी वळून सरांकडे पाहिले. सर म्हणाले, "मी बोलणार नाही. मी आत्ताच जाऊन आलो."

पटील आता थकले होते, काठीवर हनुवटी टेकून बसले होते. त्यांनी विचारले, "आपल्या गावात कोनाचा काम अडून राहिला का जहाजाबिना?"

कोणाचेच अडले नव्हते.

"आपला थांबते मंग. लिवा बाई. ज्याचा थांबत नाई त्याले द्या म्हना आपले दिवस. पन उसने."

सरपंचबाईंनी तसे लिहिले. ठराव मंजूर झाला. पत्र रजिस्टर पोस्टाने गेले. समितीचे उत्तर आलेले नाही. पोच मात्र आली आहे आणि तिच्यावर कोणाची तरी सही आहे. ग्रामसेवकाने ती पाळीवर नेऊन पाणकराला वाचून दाखवली. पाणकराने विचारले, किती दिवस? ग्रामसेवक म्हणाला, ते अजून ठरलेले नाही. पाणकर म्हणाला, ठीक आहे, ध्यानात ठेवतो.